आठ महिने वापरलेला फोर्ट्रान कंपायलर आणि त्याने नाकारलेली एक ओळ

ऑफिसने विकत घेतलेला हा कंपायलर, म्हणजे फोर्ट्रान भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, मी आठ महिने रोज वापरतोय. नाव घेत नाही. आमचं काम पावसाच्या नोंदींचं, कोड जुना. वेगाबद्दल तक्रार नाही, मोठे लूप छान पळतात.

तक्रार एकाच ओळीची आहे, पण तिने माझा अख्खा आठवडा खाल्ला.

वर्षाचा रोजचा पाऊस ३६५ घरांच्या अ‍ॅरेत आहे. अ‍ॅरे म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची रांग. दर सातव्या दिवसाची नोंद हवी म्हणून आधीच्या कोणीतरी लिहिलं होतं, पाऊस(१:३७१:७), म्हणजे घर १ पासून ३७१ पर्यंत, सात-सातच्या उडीने. आठवडे ५३, गुणिले ७, म्हणून ३७१. कंपायलरने '३७१ हद्दीबाहेर' असा एरर देऊन काम थांबवलं. आधी मलाही कोडच चुकलाय असं वाटलं. मग कागदावर मोजलं: १, ८, १५ असं जात जात शेवटी ३६५. त्यानंतरचं ३७२ घेतलंच जात नाही. अ‍ॅरेबाहेरच्या एकाही घराला हात लागत नाही! फोर्ट्रान ९० या आवृत्तीपासून नियम हाच आहे: प्रत्यक्ष निवडलेली घरं हद्दीत असली की पुरे, लिहिलेली वरची मर्यादा बाहेर गेली तरी चालते. स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, उदाहरणही आहे, दहा घरांच्या बी अ‍ॅरेवर बी(३:११:७), म्हणजे तिसरं आणि दहावं घर.

कोड छाटत छाटत चार ओळींवर आणला. जीफोर्ट्रान या दुसऱ्या, फुकट कंपायलरने त्या विनातक्रार घेतल्या. इथे मात्र ३७१ च्या जागी ३६५ घातलं की चालतं, आणि ३७१ व्हेरिएबलमध्ये ठेवलं तरी चालतं, उत्तरंही तीच ५३. व्हेरिएबलमधला आकडा प्रोग्रॅम चालतानाच बघितला जातो, म्हणजे दोष फक्त कंपाइल होतानाच्या तपासणीत. ती वरची मर्यादा थेट ३६५ शी ताडते, शेवटचं घर काढतच नाही. खरं तर एक भागाकार पुरतो: ३७० भागिले ७, पूर्णांक ५२. बावन्न साते ३६४, अधिक १.

सपोर्टला चार ओळी पाठवल्या, तर उत्तर आलं, 'मर्यादा ३६५ करा.' याचं फार वाईट वाटलं. बरोबर कोड लिहिणाऱ्याला दुरुस्ती सुचवण्याआधी नियम तरी वाचायला हवा होता. तो कलमासकट पाठवल्यावर त्यांनी चूक मान्य केली.

घेणार असाल तर ट्रायलमध्येच आपला सगळा कोड कंपाइल करून बघा, नमुन्याच्या प्रोग्रॅमवर जाऊ नका. आमची ओळ सध्या व्हेरिएबल घालून चालते, वर कॉमेंट आहे. मागच्या महिन्यात नवी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्यात आधी ती चार ओळींची फाइल चालवली. अजून नाकारतो.