नऊ महिने वापरल्यानंतर: तापणारा लॅपटॉप, कोसळणारा एफपीएस आणि खालचे सहा माग

दसऱ्याला घेतलेला गेमिंग लॅपटॉप आता नऊ महिन्यांचा झालाय म्हणून लिहायला बसलोय. घेताना मी पण आठ दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यूच वाचले होते आणि त्यात तापण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि कसा काढणार, आठ दिवसांत कुठलाच लॅपटॉप तापत नाही ओ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं वाचलं की कळेल की निम्मा दोष माझ्या घराचाच निघाला. आत आय७-१२६५०एच प्रोसेसर, ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा स्क्रीन आणि विटेएवढा २३० वॅटचा अडॅप्टर.

घर वडगावात. बेळगावचं वडगाव, त्यामुळं माहितगारांना पुढचं सांगायला नकोच. खाली बाबांचे सहा पॉवरलूम आणि वर माडीवर माझी खोली. त्यामुळं पंख्याच्या आवाजाबद्दल लोक जे रडतात त्यावर मी काही लिहू शकत नाही, खाली माग चालू असताना शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही तर लॅपटॉपचा पंखा कुठला.

पहिल्या महिन्यात एक शहाणपणाचं काम केलं होतं, एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग, वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आकडे वहीत लिहून ठेवले. थंडीचे दिवस, जड गेम अर्धा तास चालवला तर सीपीयू (प्रोसेसर) ८६ डिग्री, जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) ७४, आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, ९० च्या आसपास टिकून. मार्च येईपर्यंत तोच गेम, तीच सेटिंग, सीपीयू ९९-१०० आणि जीपीयू ८६. सुरुवातीला ९० मिळायचे पण वीस मिनिटांत हळूहळू घसरत ६५ वर. या प्रोसेसरची मर्यादाच १०० डिग्री आहे, तिथं टेकला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो, त्यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, म्हणजे बिघाड नव्हे, पण गेम खेळणाऱ्याला त्याचं काय कौतुक.

आणि दुसरी भानगड वेगळीच. सगळं नीट चाललंय, ९० चाललेत, आणि एकदम २०-२२. दहा-पंधरा सेकंद स्लाइड शो आणि परत ९०. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये तर हे नेमकं कोण समोर आला की व्हायचं (असं वाटायचं तरी), मित्रांनी माझं नाव स्टॅच्यू ठेवलं. आता लॅपटॉप तापतोय आणि एफपीएस पडतोय म्हटल्यावर कुणीही म्हणणार की तापल्यामुळं पडतोय. मी पण तेच धरून बसलो आणि तीन महिने त्यातच गेले.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले विंडोज रीसेट करा. केलं. काही फरक नाही, उलट सगळे गेम परत डाऊनलोड करत बसलो. मग चौदाशे रुपयांचा कूलिंग पॅड घेतला, त्यानं दोन-तीन डिग्री कमी झाल्या पण तो खालनं जोरात हवा मारतो म्हणजे खोलीतला कचरा पण तोच आत ढकलतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यापेक्षा जास्त फायदा फुकटात झाला, मागच्या बाजूला दोन रिकाम्या कांड्या आडव्या ठेवल्या (मागावरच्या प्लास्टिकच्या, आमच्याकडं पोत्यानं पडलेल्या असतात), लॅपटॉप बोटभर उचलला गेला आणि चार डिग्री उतरल्या. पॅड आता कपाटावर आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जावा.

शेवटी खडेबाजारच्या मागं एका बोळात एक रिपेरीवाला आहे त्याच्याकडं गेलो. त्यानं चालू करून कीबोर्डवर हात ठेवला, "भाळ बिसी आग्यादरी" (कानडीत, लै तापलाय हो) म्हणून हसला आणि पहिला प्रश्न विचारला, घर कुठं? वडगाव म्हटल्यावर म्हणाला, मग उघडायच्या आधीच सांगतो, सुताचा कचरा असणार, तिकडचे सगळे असेच येतात.

उघडलं तर खरंच. बाहेरच्या जाळीतनं बघितलं तर एकदम स्वच्छ दिसायचं, मी स्वतः कितीतरी वेळा ब्रश मारलेला. पण कचरा तिथं बसतच नाही, तो बसतो आतल्या बाजूला, पंखा आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पट्ट्या यांच्या मधल्या फटीत. पंखा आत ओढतो, तंतू पट्ट्यांवर जाऊन अडकतात, त्यावर दुसरे तंतू, असं करत करत जाड कापडासारखा थर तयार झालेला, चिमट्यानं धरून सलग ओढून काढला त्यानं. रंग पण ओळखू आला मला, खाली त्या दोन महिन्यांत जांभळ्या साड्या चालल्या होत्या. साध्या धुळीला ब्लोअर मारला तर निघून जाते, सुताचं तसं नाही, बाहेरनं हवा मारली तर थर आणखी घट्ट बसतो. त्यामुळं मागाच्या घरात, किंवा शिलाईच्या दुकानात, कापडाच्या दुकानात ज्यांचा लॅपटॉप आहे त्यांनी मागचं झाकण उघडूनच साफ करायचं, दुसरा मार्ग नाही.

सफाई आणि नवीन पेस्ट (चिप आणि हीटसिंकच्या मधे लावतात ती, उष्णता पलीकडं जावी म्हणून) मिळून पाचशे घेतले. त्याच दिवशी सीपीयू ९० आणि जीपीयू ७६ वर आला. मला वाटलं जिंकलो. पण पेस्ट साधी होती, दीड महिन्यात सीपीयू परत ९६. लॅपटॉपमध्ये चिप आणि तांब्याचा तुकडा गरम-थंड होताना सतत जरा जरा हलत असतात आणि पातळ पेस्ट मधनं कडेला सरकत जाते. मग हनीवेलची पीटीएम७९५० शीट मागवली आणि यावेळी घरीच उघडला. ही शीट नेहमीच्या तापमानाला घट्ट असते आणि साधारण ४५ डिग्रीच्या पुढं मऊ होऊन पसरते, त्यामुळं पेस्टसारखी पळत नाही. लावायच्या आधी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली तर वरचा प्लास्टिकचा पापुद्रा नीट निघतो, मी पहिला तुकडा न ठेवता लावायला गेलो आणि फाडला, दोनशे रुपये पाण्यात. उघडणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा, स्क्रू काढून झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीची पिन काढायची, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, भन्नाट फिरू द्यायचं नाही. व्हीरॅमवरचे (ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीवरचे) जाड पॅड चांगले असतील तर त्यांना हात लावू नका.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं करून हळूहळू घसरणारा एफपीएस बंद झाला, पण ते एकदम २२ वर कोसळणं? तसंच! मला रडूच यायचं बाकी होतं. तेव्हा कुठं डोकं चालवलं आणि एचडब्ल्यूइन्फोचा लॉग चालू ठेवून खेळलो, सेकंदाला एक नोंद, आणि नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून कोसळलेली वेळ शोधली. तर त्या क्षणी सीपीयू ७८ डिग्री. तापल्यामुळं पडत असता तर त्या वेळी आकडा टोकाला पाहिजे होता, हा तर उतरत होता. आणि शेजारच्या रकान्यात कार्डचे वॅट १०५ वरनं सरळ ३५ ला, आणि बॅटरीचा चार्ज रेट वजामध्ये. म्हणजे चार्जर लावलेला असताना लॅपटॉप मधेच बॅटरीवर जात होता! बॅटरीवर गेला की कार्डला पुरेशी वीज मिळतच नाही, मग कसला आरटीएक्स आणि कसलं काय.

पहिला संशय अडॅप्टरवर गेला, सहा हजारांचा नवीन मागवायच्या बेतात होतो. पण मागच्या तारखा आठवून बघितल्या तर एक गंमत दिसली, अमावस्येला आमचे माग बंद असतात आणि त्या दिवशी मी दिवसभर खेळलो होतो, एकदाही पडला नव्हता. रात्री अकरानंतर पण कधी नाही. हे बाबांना सांगितलं तर ते वर आले, लॅपटॉपकडं बघितलंच नाही, सरळ एक्स्टेन्शन बोर्डाला बोट लावलं आणि म्हणाले, "खाली माग चाललेत, वर भिंतीवरचं कॅलेंडर हलालंय, तुझा हा ढिला प्लग तेवढा गप बसणार काय?" खरंच प्लग थरथरत होता. सॉकेटच्या पट्ट्या सैल झालेल्या, आत काळा डाग पण पडलेला, म्हणजे ठिणग्या उडत होत्या. अडॅप्टर जड, वायर लोंबकळत, आणि वरनं सहा मागांचा हादरा.

भिंतीवर नवीन सॉकेट बसवून घेतला, वायर टेबलाच्या पायाला बांधली, अडॅप्टर जमिनीवर गोणपाटाच्या घडीवर ठेवला. एकशे ऐंशी रुपये. दोन महिने झाले, एकदाही २२ बघितलेला नाही.

बाकी सेटिंगचं थोडक्यात. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा असं सगळीकडं सांगतात, त्यानं टर्बो (गरज पडली की वेग वाढवायची सोय) बंद होतो आणि हा प्रोसेसर ४.७ वरनं २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, तापमान लै उतरतं पण व्हॅलोरंटमध्ये एफपीएस पण तेवढाच उतरतो, मला नाही पटलं. त्यापेक्षा थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरची सतत चालणारी वॅटची मर्यादा ४५ केली आणि आफ्टरबर्नर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डचा व्होल्टेज ०.९ वर आणून ठेवला, आणि जड गेमला एफपीएस ८० वर अडवून ठेवला. सीपीयूचं अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज कमी करणं) माझ्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंदच आहे. एवढं केल्यावर मे महिन्यातल्या दुपारी सुद्धा सीपीयू ८४, जीपीयू ७३.

घ्यावा का विचाराल तर हो, घ्या, स्क्रीन आणि कीबोर्ड मस्त आहेत, स्पीकर भिकार, बॅटरी नुसतं यूट्यूब बघितलं तरी दोन तासांच्या पुढं जात नाही. आणि दर तीन महिन्यांनी झाकण उघडायची तयारी ठेवा. मी अमावस्या धरून ठेवलीय, खाली बाबा मागांना तेल घालत असतात आणि वर मी ब्रश घेऊन बसतो. मागच्या वेळी निघालेलं सूत हिरवं होतं.