प्रशिक्षक ठेवावा की बदलावा: क्रोतोने आणि सालेर्निताना यांच्या बचावाची तुलना

सेरी आ या इटलीतील सर्वोच्च फुटबॉल श्रेणीत २० संघ प्रत्येकी ३८ सामने खेळतात आणि तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत, म्हणजे सेरी बीमध्ये, उतरतात. त्यामुळे तळाशी अडकलेल्या क्लबच्या अध्यक्षाला दर हिवाळ्यात ठरवावे लागते की, आहे तो प्रशिक्षक ठेवायचा, की त्याला निरोप देऊन नवा आणायचा. या निर्णयाचा विचार करणाऱ्याने इटालियन प्रशिक्षक दाविदे निकोला यांचे दोन मोसम शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. २०१६-१७ मध्ये क्रोतोनेने पराभवांच्या मालिकेतही त्यांना हलवले नाही; २०२१-२२ मध्ये सालेर्नितानाने दोन प्रशिक्षकांना काढून तिसरे म्हणून त्यांना आणले. दोन्ही संघ १७व्या क्रमांकावर राहून बचावले.

क्रोतोने हा कालाब्रियातील छोट्या शहराचा क्लब, आणि सेरी आमधील तो त्यांचा पहिलाच मोसम होता. एत्सिओ शिदा या त्यांच्या मैदानाचे काम पूर्ण झाले नसल्यामुळे सुरुवातीचे ‘घरचे’ सामने त्यांना दूर पेस्कारा येथे खेळावे लागले, आणि पहिल्या विजयासाठी ऑक्टोबरची अखेर उजाडली. २९ सामन्यांनंतर त्यांच्या खात्यात अवघे १४ गुण होते आणि त्यांच्या वर असलेला एम्पोली आठ गुणांनी पुढे होता. अशा स्थितीत प्रशिक्षकाला काढले असते तर कोणीही अध्यक्षांना दोष दिला नसता. पण निकोला राहिले, आणि उरलेल्या नऊ सामन्यांत संघाने २० गुण मिळवले. किएव्हो, इंटर, साम्पदोरिया, पेस्कारा आणि उदिनेसे यांना हरवले, तोरिनो आणि मिलान यांच्याशी बरोबरी साधली. हार झाली ती केवळ युव्हेंटसकडून. २८ मे २०१७ रोजी लाझिओवर ३-१ असा विजय मिळाला, त्याच संध्याकाळी एम्पोली आधीच पदावनत झालेल्या पालेर्मोकडून हरला, आणि क्रोतोने ३४ विरुद्ध ३२ गुणांनी वर राहिला. बचाव झाला तर सायकलने घरी जाईन, असा शब्द निकोला यांनी दिला होता. त्यांचा मुलगा २०१४ मध्ये सायकलवर असताना अपघातात गेला होता. जूनमध्ये त्यांनी क्रोतोने ते तोरिनो हे सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर सायकलवरून कापले. तुलनेच्या दृष्टीने ही गोष्ट गौण असली, तरी त्या मोसमाबद्दल लिहिताना ती वगळणे मला जमत नाही.

सालेर्नितानाची कहाणी मैदानाबाहेर सुरू होते. त्यांचे सहमालक क्लाउदिओ लोतितो हे लाझिओचेही मालक होते, आणि एकाच मालकाचे दोन क्लब एकाच श्रेणीत चालत नाहीत. त्यामुळे ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत क्लब विकला गेला नाही तर श्रेणीतून हकालपट्टी होईल, अशी टांगती तलवार होती. अगदी शेवटच्या क्षणी दानिलो येर्व्होलिनो यांनी क्लब घेतला. जानेवारीत क्रीडा संचालक म्हणून आलेल्या वॉल्टर साबातिनी यांनी गोलरक्षक सेपे, बचावपटू फासिओ, मध्यरक्षक एदेरसॉन, व्हेर्दी अशा खेळाडूंची आवक करून संघ जवळजवळ नव्याने उभा केला. बचावाची शक्यता सात टक्के आहे, असे साबातिनी यांनी उघडपणे सांगितले होते. प्रशिक्षक कास्तोरी ऑक्टोबरमध्ये गेले होते, त्यांच्या जागी आलेले कोलांतुओनो फेब्रुवारीत गेले, आणि निकोला आले तेव्हा संघाचे १३ गुण होते. पहिले दोन महिने त्यांनाही विजय मिळाला नाही. इंटरकडून तर संघ ०-५ असा हरला. मात्र १६ एप्रिलपासून साम्पदोरिया, उदिनेसे आणि फिओरेंतिना यांच्यावर लागोपाठ विजय मिळाले आणि सात सामन्यांत १५ गुण जमा झाले. २२ मे रोजी घरच्या आरेकी मैदानावर उदिनेसेकडून ०-४ अशी हार पत्करूनही संघ वाचला, कारण पाठलागावर असलेल्या काल्यारीला व्हेनेझियात गोल करता आला नाही. ३१ गुणांवर झालेला बचाव, आणि काल्यारीचे ३०.

निर्णय घेणाऱ्याने माझ्या मते गुणांआधी खाल्लेले गोल पाहावेत. क्रोतोनेने त्या २९ सामन्यांत ४९ गोल खाल्ले होते; त्याच मोसमात ११व्या क्रमांकावर राहिलेल्या काल्यारीने एकूण ७६ खाल्ले. म्हणजे क्रोतोनेची बचावफळी मोडलेली नव्हती, गोल होत नव्हते, आणि फाल्चिनेल्लीसारखा आघाडीवीर असताना तो दोष भरून निघण्याजोगा होता. याउलट निकोला येण्यापूर्वी सालेर्नितानाने २३ सामन्यांत ५३ गोल खाल्ले होते. तिथे प्रशिक्षकावर विश्वास ठेवण्यासारखा पायाच नव्हता, आणि बदल करणे योग्यच होते.

परंतु तिथे केवळ प्रशिक्षक बदलला नव्हता. मालक, संचालक आणि निम्मा संघ बदलला होता, आणि याकडे लोक दुर्लक्ष करतात. जानेवारीत, म्हणजे मोसमाच्या मध्यावर खरेदीची मुभा असते तेव्हा, खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नसेल, तर नव्या प्रशिक्षकाच्या हाती तोच जुना संघ येतो, वर काढलेल्या प्रशिक्षकाचा करार संपेपर्यंत त्याचा पगार सहसा क्लबवरच राहतो. २०२३-२४ मध्ये याच सालेर्नितानाने पाउलो सोझा, फिलिप्पो इंझागी, फाबिओ लिव्हेरानी आणि पुन्हा कोलांतुओनो असे चार प्रशिक्षक पाहिले आणि केवळ १७ गुणांसह तळ गाठला.

ठेवण्याच्या मार्गालाही मर्यादा आहे. पुढच्या मोसमात, डिसेंबर २०१७ मध्ये निकोला यांनी स्वतःच क्रोतोने सोडले. संघाने ३५ गुण मिळवले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा एक अधिक, आणि तरीही तो सेरी बीमध्ये गेला. बचावाची रेषा दरवर्षी सरकते, आणि ती कुठे थांबेल हे फेब्रुवारीत कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून पैसा तुटपुंजा आणि बचावफळी शाबूत असेल तर मी क्रोतोनेचा मार्ग धरेन, अगदी १४ गुणांवरसुद्धा. बचावफळी कोसळलेली असेल, जानेवारीची खरेदी शक्य असेल आणि बदल एकदाच, खरेदीबरोबरच करण्याची तयारी असेल, तरच सालेर्नितानाचा. स्वतः सालेर्नितानाला हे पुढे पाळता आले नाही: जानेवारी २०२३ मध्ये आतालान्ताकडून २-८ अशी हार झाल्यावर त्यांनी निकोला यांना काढले, दोन दिवसांत परत बोलावले आणि फेब्रुवारीत पुन्हा काढले.