कन्याकुमारी की धनुष्कोडी? आई-वडिलांना समुद्र दाखवायचा असेल तर

तूर विकून झालेली असते, हरभरा अजून शेतात उभा असतो. त्या मधल्या आठ-दहा दिवसांत आमच्या परळीकडची माणसं यात्रेला निघतात. यंदा शेजारच्या काकूंनी आणि माझ्या मावसभावानं आठवड्याच्या आत एकच प्रश्न विचारला. समुद्र जिथं एकमेकांना मिळतात तिथं जायचंय, पण कुठं? कन्याकुमारीला की रामेश्वरच्या धनुष्कोडीला? मी दोन्हीकडं जाऊन आलेय. एकदा आई-मावशीला घेऊन, एकदा भावाच्या कुटुंबासोबत. दोघांना मी एकच उत्तर दिलं नाही, कारण दोघांसोबत जाणारी माणसं वेगळी होती.

आधी कन्याकुमारीबद्दल एक गैरसमज काढून टाकू. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि हिंदी महासागर तिथं भेटतात, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्यामुळं तीन रंगांचे पट्टे शेजारी शेजारी दिसतील, असं मनात धरून लोक जातात. तसं काही ठळक दिसत नाही. नावं माणसांनी दिलेली आहेत. पाण्यात रेघ नसते. ढग, ऊन आणि खोली यांनी पाण्याचा रंग बदलत राहतो, तेवढंच. रंग बघायला जाणाऱ्याची निराशा होते आणि या गावाचं खरं वैभव बघायचं राहून जातं.

ते वैभव म्हणजे पहाट. भारताच्या मुख्य भूमीचं हे शेवटचं टोक आहे, त्यामुळं सकाळी सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी त्याच गावाच्या पश्चिमेच्या किनाऱ्यावर जाऊन तुम्ही सूर्यास्त बघू शकता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो, म्हणून तो पाण्यात बुडताना जास्त चांगला दिसतो. चैत्री पौर्णिमेला तर एकीकडं सूर्य मावळतो आणि दुसरीकडं चंद्र उगवतो. हे सगळं लॉजच्या गच्चीवरूनही दिसतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. आई पहाटे पाचलाच शाल गुंडाळून गच्चीवर जाऊन बसली होती. सूर्याची कड पाण्याबाहेर आली तसे तिचे हात आपोआप जोडले गेले.

खडकावरचं विवेकानंद स्मारक बोटीनं जाऊन बघायचं. स्वामी विवेकानंद डिसेंबर १८९२ मध्ये या खडकावर ध्यानाला बसले होते. १९७० मध्ये पूर्ण झालेलं हे स्मारक उभं करण्यामागं एकनाथ रानडे होते, आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले. देशभरातल्या सामान्य माणसांनी रुपया-रुपया दिला, तेव्हा हे काम झालं. शेजारच्या खडकावर तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांचा पुतळा आहे, चौथऱ्यासकट १३३ फूट. त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३, म्हणून उंचीही तेवढीच. डिसेंबर २०२४ मध्ये या दोन्ही खडकांमध्ये ७७ मीटर लांबीचा काचेचा पूल झाला. पायाखाली लाटा फुटताना दिसतात. ज्यांना गरगरतं त्यांनी कडेचा कठडा धरून समोर बघत चालावं.

इथं एक सूचना मनापासून करते. आमच्या पॅकेजवाल्यांनी आम्हाला भर दुपारी तिथं आणून सोडलं. बोटीची रांग वळणं घेत पार रस्त्यापर्यंत आलेली, आणि आमचा नंबर येईपर्यंत वारा वाढला म्हणून बोटी बंद झाल्या. पॅकेजमध्ये एकच रात्र होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडून बस थांबवली, तेव्हा कुठं आईला खडक दिसला. म्हणून कन्याकुमारीत दोन रात्री राहा आणि सकाळी पहिल्या बोटींच्या रांगेत लागा. एका रात्रीचं पॅकेज घेऊच नका.

कुमारी अम्मनच्या देवळाची कथा तिथं सगळे सांगतात. देवीचं लग्न जवळच्याच शुचींद्रम गावच्या शंकराशी ठरलं होतं, पण मुहूर्त टळला आणि लग्नासाठी आणलेलं धान्य तसंच राहिलं. त्याची वाळू झाली म्हणे. तिथल्या वाळूत गार्नेट, इल्मेनाइट अशी खनिजं आहेत, त्यामुळं तांबडे, काळे, पांढुरके कण खरोखरच वेगवेगळे दिसतात. आईनं मूठभर वाळू तळहातावर घेतली आणि सुपातलं धान्य निवडावं तसं बोटानं बाजूला सारत म्हणाली, "ही भगर दिसायली बघ. अन् ही मसूर." मावशी शेजारी वाकून बघत होती. दोघी किती तरी वेळ वाळू निवडत बसल्या.

आता धनुष्कोडी. रामेश्वर बेटाच्या टोकाला, रामेश्वर गावापासून वीसेक किलोमीटरवर अरिचल मुनई आहे, धनुष्कोडीचं अगदी शेवटचं टोक. २०१७ पासून तिथपर्यंत पक्की सडक आहे. शेवटचा टप्पा असा की डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी आणि मधे फक्त रस्ता. इथं मात्र फरक डोळ्यांनी दिसतो. एका बाजूचं पाणी शांत, आपल्या नाथसागराच्या काठासारखं हलकं डुलणारं. दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात, लाटा आपटत येणारं. तिथले कोळी शांत पाण्याला बाई-समुद्र आणि खवळलेल्याला पुरुष-समुद्र म्हणतात. टोकाला वाळू निमुळती होत जाते आणि दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर येऊन तिरप्या फुटतात. माझी भाची एक पाय इकडं, एक पाय तिकडं टाकून उभी राहिली, तेव्हा तिच्या दोन घोट्यांना दोन वेगळ्या जातीचं पाणी लागत होतं. "पाणी पाण्याला मिळतं" हे बघायचं असेल तर त्याची जागा ही आहे. पाण्यात पुढं मात्र जाऊ नका, ओढ फार आहे.

धनुष्कोडी हे गाव होतं. रेल्वे स्टेशन, पोस्ट, चर्च, लंकेला जाणाऱ्या बोटी, सगळं होतं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट लाटांनी गिळली. गाव पुन्हा वसलं नाही. चर्चच्या उरलेल्या भिंतींशी उभं राहिलं की आमच्याकडच्या माणसाला भूकंपानंतरची किल्लारी आठवतेच. मला आठवली, भावालाही. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. तुमच्यासोबत मन हळवं असणारं कुणी असेल तर हे आधी सांगून ठेवा.

तिथं सावली नाही. वाऱ्यानं उडणारी वाळू पोटऱ्यांना सुईसारखी टोचते. संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत फिरवतात, म्हणून सूर्यास्तासाठी थांबायचा बेत करू नका. सकाळी लवकर जा आणि पाणी सोबत न्या.

पण रामेश्वर म्हटल्यावर आपल्या माणसाचा जीव मुळात रामनाथस्वामींत असतो. वैजनाथ, औंढा, घृष्णेश्वर ही तीन ज्योतिर्लिंगं ज्यांच्या घराजवळ आहेत, त्यांना हे दक्षिणेचं टोक खुणावणारच. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी नेलेलं काशीचं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं, ही कथा ज्या घरात सांगितली जाते, त्या घरातल्या म्हाताऱ्यांना रामेश्वर नको म्हणणं अवघड आहे. बावीस तीर्थांचं स्नान मात्र आधी समजून घ्या. एका विहिरीवरून दुसरीकडं चालत जायचं, प्रत्येक ठिकाणी अंगावर बादली ओततात, फरशी निसरडी असते आणि ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडं सोडत नाहीत. सत्तरीच्या माणसानं देवळासमोरच्या समुद्रकाठी, अग्नितीर्थावर, पाय भिजवून थेट दर्शन घेतलं तरी चालतं. हजारावर खांबांचा तो लांब प्रदक्षिणेचा मार्ग बघूनच मन भरतं.

जायचं कसं? ओखा–रामेश्वरम ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडवरून जाते. वार आणि वेळ बघून लवकर आरक्षण करा. पांबनच्या समुद्रावरचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाड्या पुन्हा थेट बेटावर जातात. तो पूल गाडीच्या खिडकीतून बघणं हाही एक सोहळाच आहे. कन्याकुमारीसाठी लातूर-धाराशिवकरांना सोलापूर सोयीचं. पुणे–कन्याकुमारी गाडी तिथून मिळते, प्रवास दीड दिवसाचा धरा. दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत करायची तर मधे रस्त्यानं तीनशेवर किलोमीटर आहेत, सहा-सात तास जातात. मदुराईला एक मुक्काम टाकला तर थकवा येत नाही.

दिवाळीच्या सुटीत जाऊ नका. आपल्याकडं पाऊस सरलेला असतो, पण तमिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि समुद्र खवळला की बोटी बंद. डिसेंबर-जानेवारीत कन्याकुमारीला शबरीमलेहून परतणाऱ्या अय्यप्पा भक्तांची मोठी गर्दी असते. संक्रांतीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ उत्तम. खाण्यात तिन्ही वेळा भात, इडली, डोसा. भाकरीची सवय असलेल्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्याच.

काकूंचे यजमान पंच्याहत्तरीचे आहेत, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली, आणि समुद्र दोघांनीही कधी पाहिलेला नाही. त्यांना मी कन्याकुमारी सांगितली, दोन रात्री, गच्ची असलेला लॉज. मावसभावाची मुलं आठवी-दहावीत आहेत आणि मावशीला रामेश्वराचा नवस फेडायचाय. त्याला परभणीहून ओखा गाडीचं तिकीट काढायला सांगितलं, आणि धनुष्कोडीला मुलांना सकाळी सातच्या आत घेऊन जा म्हटलं.