चार हजार फोटो, तीन तक्ते आणि एसक्यूलाइट

फोटो काढायची मला हौस आहे आणि विसरायची सवय, म्हणून नोंदी ठेवाव्या लागतात. फोटो चार हजारांवर गेले तेव्हा स्प्रेडशीटपुढे हात टेकले. ‘विषय’ या एकाच रकान्यात मी ‘वन, धुकं, पहाट’ असं स्वल्पविराम देत कोंबत गेलो होतो. ‘वन’ शोधावं तर पवनचक्क्याही हजर! गेले आठ महिने सगळं एसक्यूलाइट या डेटाबेस प्रोग्राममध्ये आहे.

रिचर्ड हिप यांचं हे 2000 सालचं काम. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. फुकट आहे, आणि पब्लिक डोमेनमध्ये असल्यामुळे लायसन्सचीही कटकट नाही.

मी तीन तक्ते केले : फोटो, विषय आणि त्यांना जोडणारा मधला. मधल्यात फक्त दोन आकडे, फोटो क्रमांक आणि विषय क्रमांक. दोन्ही मिळून प्रायमरी की, ओळीची एकमेव ओळख, म्हणजे एकाच फोटोला तोच विषय दोनदा चिकटत नाही. खरी मजा हा तक्ता स्वतःलाच जोडला की येते. विषय क्रमांक सारखा, फोटो क्रमांक वेगळा, मग जोड्यांचा ग्रुप करून मोजणी : दोन किंवा जास्त विषय जुळणारे फोटो समोर. पहिल्यांदा 412–1030 आणि 1030–412 अशी प्रत्येक जोडी दोनदा आली. ‘पहिला क्रमांक दुसऱ्यापेक्षा लहान’ एवढी अट घातल्यावर निम्मी यादी गळली. विषयाकडून शोधायचं तर उलट्या क्रमाचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) मात्र आपणच करायचा. प्रायमरी कीचा इंडेक्स फोटो क्रमांकापासून सुरू होतो, तो इथे फारसा कामाला येत नाही.

आता तक्रार. अर्धी माझ्याबद्दलच आहे. मधल्या तक्त्यात फॉरेन की, म्हणजे इथला क्रमांक मूळ तक्त्यात असलाच पाहिजे ही अट, लिहिली होती, त्यामुळे मी निर्धास्त. एक दिवस ‘पहाट’ हा विषय उडवला, कुणी हूं की चूं केलं नाही. फॉरेन कीची अंमलबजावणी 2009 पासून आहे, पण ती सहसा बंदच असते. दर कनेक्शनला, म्हणजे डेटाबेस उघडाल तेव्हा, ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ ही सेटिंग चालू करावी लागते. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, वाचलं कोणी? ‘फॉरेन_की_चेक’ ही तपासणी चालवल्यावर 37 अनाथ ओळी सापडल्या, ज्यांचा विषयच उरला नव्हता. जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून असं ठेवलंय हे कळतं, तरी कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवल्यासारखं वाटतं.

दुसरा घोळ आपल्या लिपीतला. विषयाच्या नावावर ‘युनिक’ (तेच नाव दोनदा नको) ही अट लावूनही ‘दऱ्या’ दोनदा दिसायला लागलं. डोळे फाडून पाहिलं, काडीचा फरक नाही. फोनचा कीबोर्ड ‘ऱ’ एका अक्षरात लिहीत होता, दुसरा ‘र’ आणि नुक्ता असा जोडून. एसक्यूलाइट नुसते बाइट ताडून पाहतं, त्याच्या लेखी ते दोन शब्द. आता नोंद घालण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट सगळं युनिकोडच्या (अक्षरांच्या संगणकी क्रमांकांच्या) एकाच रूपात आणते.

आकड्यांच्या रकान्यात शब्दही खपतात, म्हणून तक्ता करतानाच ‘स्ट्रिक्ट’ लिहावं. 2021 पासून ती सोय आहे.

एकट्याने वापरायला हे बेलाशक घ्या. चार जण एकाच वेळी नोंदी घालणार असतील तर दुसरं काही बघा, कारण इथे एका वेळी एकालाच लिहिता येतं. मी सध्या ठिकाणांचा चौथा तक्ता करतोय. ‘किनारा’ आणि ‘समुद्रकिनारा’ वेगळे ठेवायचे की एक, यावर तीन दिवस अडलोय.