फर्ग्युसन टीईडी-२०: रॉकेलवर चौदा महिने

इंग्लंडमधल्या हेरेफर्डशायरमधील आमच्या पाच एकरांच्या सफरचंदबागेसाठी १९५१ सालचा फर्ग्युसन टीईडी-२० ट्रॅक्टर घेतला, त्याला चौदा महिने झाले. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात पेट्रोलचा टीईए, व्हेपोरायझिंग ऑइलचा (ट्रॅक्टरसाठीचे रॉकेलसारखे इंधन) टीईडी आणि डिझेलचा टीईएफ अशी भावंडे तयार होत. मी मुद्दाम टीईडी निवडला, कारण इकडे घर तापवण्यासाठी मिळणारे रॉकेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त पडते आणि ती बचत मला सोडवेना. मूळ व्हेपोरायझिंग ऑइल १९७० च्या दशकातच बाजारातून गेले. म्हणून पाच भाग रॉकेल आणि एक भाग पेट्रोल असे मिश्रण मी करतो. नुसत्या रॉकेलचे ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, फार कमी, त्यामुळे चढावर गवत कापताना जोर येताच इंजिन ठोकू लागते.

तिसऱ्या महिन्यात डिपस्टिकवर इंजिन ऑइलची पातळी चढलेली दिसली. मी थेंबभरही ओतले नव्हते. काडी नाकाशी नेली तर रॉकेलचा वास! मेकॅनिकने पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो ऐकून मी रॉकेलचा नाद सोडून पेट्रोलवर जाण्याचे जवळजवळ ठरवलेच होते.

मग आईचा पंपाचा स्टोव्ह आठवला. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावून बर्नर पुरेसा तापवला नाही, तर रॉकेलची वाफ होत नसे आणि पिवळी, काजळी धरणारी ज्योत भडकत असे. या इंजिनाचेही तसेच आहे: पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचे. माझ्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) आधीच्या मालकाने काढून टाकला होता. इंजिन थंड राहत होते आणि न जळलेले रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये मिसळत होते. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटरपुढे कॅनव्हासचा पडदा लावला आणि पाण्याचे तापमान ८० अंशांच्या आसपास राहील हे पाहिले. रिंगा तशाच आहेत. गेल्या सात महिन्यांत पातळी वाढलेली नाही, तरीही ऑइल मी ठरल्या मुदतीच्या निम्म्यातच बदलतो. एवढा खर्च धरूनही रॉकेल परवडते.

दहा मिनिटांच्या कामाला मात्र मी ते वापरत नाही, कारण इंजिन तापण्याआधीच काम संपते. पेट्रोलही आता जपून घेतो: २०२१ पासून इथले साधे पेट्रोल १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे आहे आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, म्हणून कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल घेऊन नळ्याही बदलल्या.

काम संपण्याआधी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर यावे लागते. नोव्हेंबरमध्ये एकदा विसरलो, तर दुसऱ्या सकाळी कार्ब्युरेटरची वाटी काढून रॉकेल ओतून टाकेपर्यंत इंजिन सुरू झाले नाही.