शांघायमध्ये भाड्याने घर घेताना: किल्ली देणारा मालक असेलच असं नाही

शांघायला येणाऱ्या प्रत्येकाला नानजिंग रोडवरच्या चहाच्या फसवणुकीबद्दल कुणीतरी सांगतंच. गोड बोलून चहा प्यायला नेतात आणि शेवटी हजारोंचं बिल समोर ठेवतात. तो धोका फिरायला आलेल्यांचा. इथे नोकरी करून राहणाऱ्यांचं मोठं नुकसान होतं ते घरभाड्यात. माझे 44,000 युआन गेले, म्हणजे सव्वापाच लाख रुपयांहून जास्त. ते गेले कसे हे सविस्तर लिहितेय, कारण यातली प्रत्येक पायरी बाहेरून अगदी रीतसर दिसते.

माझं ऑफिस पुडोंगमधल्या झांगजियांगला. मेट्रोच्या 2 नंबर लाइनवरचा हा भाग सॉफ्टवेअर आणि चिप कंपन्यांचा, त्यामुळे इथे आपले बरेच लोक आहेत. नव्या माणसाला कंपनी सुरुवातीचे काही आठवडे हॉटेल देते आणि तेवढ्या मुदतीत घर शोधायचं असतं. परदेशी म्हटलं की कित्येक मालक पोलीस नोंदणीची कटकट नको म्हणून सरळ नकार देतात. अशात वीचॅटवर, म्हणजे गप्पा आणि पैसे पाठवणं दोन्हीसाठी इथे सगळे वापरतात त्या ॲपवर, इंग्रजी बोलणारा, परदेशी लोकांना घरं देणारा एजंट भेटला की जीव भांड्यात पडतो. फसवणूक नेमकी इथून सुरू होते.

मला दाखवलेला फ्लॅट खरोखर चांगला होता. एक बेडरूम, स्वच्छ किचन, मेट्रो चालत दहा मिनिटांवर. त्या सोसायटीत तसल्या घराला तेव्हा 6,300 युआन भाडं चालू होतं. मला सांगितलं 5,500. इथली नेहमीची पद्धत अशी की एक महिन्याचं डिपॉझिट द्यायचं आणि भाडं तीन-तीन महिन्यांचं भरायचं. तीही सोय होतीच, पण त्या दरात नव्हे. वर्षाचं एकदम भरलं तर अकराच महिन्यांचं घेऊ, असा प्रस्ताव होता. म्हणजे 60,500 भाडं आणि 5,500 डिपॉझिट, एकूण 66,000. करार दोन भाषांत छापलेला, त्यावर कंपनीचा लाल शिक्का. चीनमध्ये सहीपेक्षा शिक्क्याला वजन असतं हे ऑफिसात आल्या आल्या कळतं, त्यामुळे तो पाहिला की माणूस निर्धास्त होतो.

त्यानंतर पोलीस नोंदणी. परदेशी माणूस हॉटेल सोडून दुसरीकडे राहायला गेला, तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हा नियम 1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या कायद्यातच आहे. माझी नोंद विनातक्रार झाली. पावती मिळाली, तीच रेसिडेन्स परमिटला लागली, परमिटही आलं. सरकारी कागदावर माझ्या नावापुढे तो पत्ता छापून आल्यावर घराबद्दल शंका घ्यायला जागाच उरली नव्हती. म्हणून हे नीट लक्षात घ्या: ती पावती तुम्ही कुठे राहता एवढंच सांगते. करार करणाऱ्याला ते घर भाड्याने द्यायचा अधिकार आहे का, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

चार महिने सुरळीत गेले. मग एका शनिवारी सकाळी दारावर सत्तरीच्या एक आजी आणि त्यांचा मुलगा. आजी शांघायच्या बोलीत बोलत होत्या, मुलगा फोनवरच्या भाषांतरातून मला समजावत होता. घर आजींचं. त्यांनी ते एका कंपनीला तीन वर्षांसाठी 6,300 ने दिलेलं. कंपनीने डिपॉझिट आणि पहिल्या तिमाहीचं भाडं दिलं, दुसऱ्या तिमाहीचं दिलंच नाही. आता फोन बंद, ऑफिसला कुलूप. त्यांचं म्हणणं एवढंच, की भाडं येत नाही, तर घर रिकामं करा.

आकडे शेजारी शेजारी ठेवा म्हणजे सगळं उघड होतं. त्या कंपनीने आजींना दिले 25,200. माझ्याकडून घेतले 66,000. बाजारभावाने घेतलेलं घर दरमहा किमान 800 युआन तोट्यात दुसऱ्याला देणारा माणूस भाड्यावर कमवतच नसतो. वर्षाचे पैसे आज हातात येतात आणि मालकाला तिमाहीने द्यायचे असतात, या मधल्या फरकावरच त्याचा डोळा असतो. एका घरात 40,800 युआन. अशी पन्नास-शंभर घरं करायची आणि मालकांचे फोन सुरू व्हायच्या आत गायब व्हायचं.

ही पद्धत काही नवी नाही. 2020 मध्ये डानके नावाची प्रचंड मोठी कंपनी याच गणितावर कोसळली. मालकांना जास्त भाडं, भाडेकरूंना कमी, पैसे मात्र भाडेकरूंकडून आधी घ्यायचे आणि मालकांना हप्त्याने द्यायचे. ती त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदली गेली होती, आणि वर्ष संपायच्या आत अनेक शहरांत भाडेकरू आणि मालक एकमेकांसमोर उभे होते. दोघांनाही पैसे मिळालेले नव्हते. बाजारात नोंदलेल्या कंपनीचं असं होऊ शकतं, तर चार खोल्यांच्या ऑफिसातून चालणाऱ्या कंपनीच्या शिक्क्यावर किती विश्वास ठेवायचा?

आपल्याकडे पोटभाडेकरू ठेवतात तसाच हा प्रकार. मधल्या माणसाला इथे एर-फांगतोंग म्हणतात. तो असणं बेकायदा नाही. मूळ मालकाची संमती असेल तर पोटभाड्याने देता येतं, चीनच्या नागरी संहितेतच तशी तरतूद आहे. शिवाय मालकाला माहीत असून त्याने सहा महिन्यांत हरकत घेतली नाही, तरी ती संमती धरली जाते. त्यामुळे मधला माणूस आहे एवढ्यावरून घाबरून चांगलं घर सोडू नका. मालकाची संमती मात्र लेखी बघितल्याशिवाय राहू नका. घराच्या मालकीचं प्रमाणपत्र, त्यावरच्या नावाचं ओळखपत्र, आणि मालक व मधल्या माणसातला मूळ करार, ज्यात पोटभाड्याची परवानगी आणि मुदत दोन्ही लिहिलेलं असेल. हे तीन कागद खऱ्या माणसाकडे असतातच. "मालक परदेशात आहेत", "कागद बँकेत आहेत" असं ऐकायला आलं तर तिथूनच परत फिरा.

कंपनी खरी आहे का, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. तियानयानचा किंवा चीचाचा या ॲपमध्ये करारावरचं चिनी नाव टाकलं की कंपनी कधी नोंदली, कायदेशीर प्रतिनिधी कोण, कोर्टात किती दावे आहेत, सगळं दिसतं. माझ्या करारावरची कंपनी घर घेतलं त्याच्या काही महिने आधीच जन्माला आली होती. पैसे तर तिच्या खात्यात गेलेच नव्हते. नव्या माणसाचं बँक खातं स्थिरस्थावर झालेलं नसतं, म्हणून "वीचॅटवरच पाठवा, सोपं पडेल" असं सांगतात आणि रक्कम एखाद्या व्यक्तीकडे जाते. तिथे समोरच्याच्या खऱ्या नावाचं फक्त शेवटचं अक्षर दिसतं, आणि त्याने रक्कम स्वीकारली की ती परत ओढता येत नाही.

आणि फापिआओ. याबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचंय. परदेशी कर्मचाऱ्याला कंपनीकडून मिळणाऱ्या घरभाड्यावर प्राप्तिकरात सूट आहे, ती सध्या 2027 अखेरपर्यंत लागू आहे. त्यासाठी लागतं ते सरकारी कर-बिल म्हणजे फापिआओ. मला मिळाली शौजू, म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पावतीपुस्तकातली साधी पावती. फापिआओ "पुढच्या महिन्यात" येणार होता. फापिआओ निघाला की व्यवहार कर खात्याच्या नोंदीत येतो, म्हणून पळून जायचं ठरवलेला माणूस तो देतच नाही. सगळे पैसे घेऊन फापिआओ लांबवणारा कितीही गोड बोलत असला, तरी व्यवहार थांबवा.

आता फसल्यावर काय झालं ते. पोलीस चौकीत पहिलं उत्तर मिळालं की हा कराराचा वाद आहे, कोर्टात जा. हे उत्तर जवळजवळ प्रत्येकाला मिळतं, त्याने खचू नका. त्याच कंपनीचे आणखी भाडेकरू शोधले. बहुतेक चिनी मुलंमुलीच होती, नुकती नोकरीला लागलेली, काहींनी गावाकडच्या आईवडिलांकडून पैसे आणलेले. एकाच माणसाने एकाच रीतीने अनेकांना फसवलंय हे कागदांनिशी मांडल्यावर तक्रार दाखल झाली आणि नोंदीचा कागद हातात आला. चार महिने राहिले त्याचं भाडं वजा जाता माझे जे 44,000 उरत होते, ते अजून मिळालेले नाहीत.

घर मात्र वाचलं. ते वाचवलं जुवेइह्वेइने, म्हणजे त्या वस्तीच्या रहिवासी समितीने. त्यांच्याकडे मध्यस्थी करणारी माणसं असतात आणि ती पैसे घेत नाहीत. ऑफिसातली एक सहकारी बरोबर आली, आजी आणि त्यांचा मुलगाही आले. आजींचंही दुसऱ्या तिमाहीचं भाडं बुडालं होतं, हे मी विसरू शकत नाही. त्या चिडलेल्या होत्या आणि तरीही त्यांनी मला रस्त्यावर काढलं नाही. त्या दिवसापासून थेट त्यांच्याशी नवा करार झाला, 6,300 ने, भाडं महिन्याच्या महिन्याला. कुणी कुलूप बदलायच्या किंवा सामान बाहेर टाकायच्या बेतात असेल तर 110 या पोलिसांच्या नंबरवर फोन करा. 12345 या शहराच्या हेल्पलाइनवर इंग्रजीतही बोलता येतं.

15 सप्टेंबर 2025 पासून देशभर घरभाड्याचे नवे नियम लागू झालेत. पोटभाड्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना भाड्याचे पैसे देखरेखीखालच्या बँक खात्यात ठेवायला सांगितलंय. तेव्हा कंपनीकडून घर घेत असाल तर त्या खात्याचा नंबर करारात लिहून मागा आणि पैसे तिथेच भरा. वर्षाचं भाडं एकदम कुणालाच देऊ नका, सवलत कितीही असली तरी. तीन महिन्यांचं देणाऱ्याचं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं आणि डिपॉझिटचं जाईल.

ज्यांनी पैसे आधीच दिलेत आणि हे वाचून धास्तावलेत, त्यांनी आजच एजंटशी झालेलं सगळं बोलणं, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि त्याच्या प्रोफाइलचा फोटो जपून ठेवावा. वीचॅटच्या गप्पा फोनमध्येच असतात, नवा फोन घेतला की आपोआप येत नाहीत, आणि पोलीस मूळ फोनवरच्या नोंदी बघायला मागतात. जुना फोन विकू नका.