कलमपट्टीखाली जोड नव्हताच

अ‍ॅव्होकाडो लावायचा विचार असेल आणि तुमच्याकडची हवा उष्ण, दमट असेल, तर रोपं घेण्याआधी हे वाचा. माझी सात वर्षं गेली. पैशांचं दुःख कधीच ओसरलं, वर्षांचं ओसरत नाही.

रोपवाटिकेवाल्याने चार कलमं दिली, दोन ‘हास’ वाणाची आणि दोन ‘फ्युएर्ते’ वाणाची. हास ए गटाचं, फ्युएर्ते बी गटाचं, म्हणून जोडीने लावा, असं त्याने सांगितलं. ते खरंच आहे. अ‍ॅव्होकाडोचं फूल दोनदा उमलतं, आधी मादी, मग नर. ए गटातलं फूल सकाळी मादी म्हणून उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून. बी गटात दुपारी मादी, दुसऱ्या सकाळी नर. दोन्ही गट शेजारी असले की फळं जास्त धरतात. इतकं नेमकं सांगणारा माणूस रोपातच खोट करेल, असं मनातही आलं नाही. साध्या रोपाच्या चौपट पैसे मोजले.

पहिल्याच पावसाळ्यात एक झाड पिवळं पडून मेलं. उपटलं तर बारीक मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की तुटत होती. पाणी साचलं की फायटोफ्थोरा बुरशीने येणारी ही मूळकूज. यात दोष माझा होता, उंचवटा न करता सपाट जागी लावलं होतं. पण त्या मेलेल्या झाडाच्या खोडावर, मुळापासून वीतभर वर, कलमाची पट्टी अजून आवळलेली होती. नखाने सुटेना म्हणून ब्लेडने कापली. पाचर कलम, म्हणजे खालच्या खुंटात वरची काडी पाचरीसारखी बसवलेली, असेल तर तिथे व्ही आकाराचा व्रण दिसतो, खालच्या आणि वरच्या सालीचा रंग, जाडी वेगळी असते. इथे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकच साल होती. होता तो फक्त पट्टीचा वळ. नुसत्या बियांच्या रोपाला पट्टी गुंडाळून मला कलम म्हणून विकलं होतं.

फोन केला. “जोड एकजीव झालाय, ताई, म्हणून दिसत नाही,” म्हणाला. मी वाद घातल्यावर म्हणाला, “अहो, बी हासचंच होतं, मग झाडही हासचंच येणार.” हे साफ खोटं आहे. अ‍ॅव्होकाडोचं बी आईसारखं उतरत नाही. हास हे मूळ कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्याकडे बियांपासून योगायोगाने उगवलेलं एकच झाड. त्याचं पेटंट 1935 सालचं. ते झाड 2002 मध्ये गेलं, पण जगातलं प्रत्येक खरं हास कलमांच्या साखळीने त्याच्याशीच जोडलेलं आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले आणि उरलेली तीन झाडं वाढवत राहिले.

ती सरळसोट वाढली. सातव्या वर्षी एकाला फळ आलं. हासची साल खडबडीत असते, पिकताना जांभळट काळी होते. हे फळ गुळगुळीत, पिकूनही हिरवंच. हलवलं तर आत बी खुळखुळत होतं. गर पाणचट.

मला जास्त राग कशाचा येतो सांगू? माझी हवा कशी आहे, हे त्याने विचारलंच नाही. कलमं अस्सल असती तरी ते वाण माझ्या बागेचे नव्हतेच. हास आणि फ्युएर्तेला थंडसर, कोरडी हवा मानवते; उष्ण सखल भागात हासची फळं बारीक राहतात. दमट हवेत अ‍ॅव्होकाडोच्या वेस्ट इंडियन कुळातले वाण टिकतात, सिमंड्स (ए) आणि पोलॉक (बी), किंवा त्या कुळाचे ग्वाटेमालन कुळाशी झालेले संकर, चोकेट (ए) आणि हॉल (बी). लुलाही अशाच संकरातला, पण त्याला दमट हवेत स्कॅब, म्हणजे खपल्या धरणारा बुरशीचा रोग, फार होतो, म्हणून मी तो टाळला. रोपवाटिकेवाल्याकडे खपत होतं ते नाव हासचं, म्हणून प्रत्येकाला हासच.

पैसे परत मिळाले नाहीत. आता कलम घेताना मी पट्टी सोडून जोड दाखवायला सांगते, आणि कलमकाडी ज्या झाडाची, ते फळावर असताना बघून येते. तीनपैकी दोन झाडं यंदा कमरेइतकी छाटली. खुंट म्हणून ती निरोगी आहेत, मुळं या मातीत रुळलेली. त्यांवर चोकेट आणि हॉलच्या काड्या कलम करून भरल्या. एका काडीला परवा पालवी फुटली, आणि तिच्याखाली व्ही आकाराचा जोड बोटाला स्पष्ट लागतो.